दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांनो, पायात काय घालता?

रातराणी

मी वॉर्डात नर्स आहे. बारा तासांची ड्युटी, त्यात सगळं मिळून अर्धा तास बूड टेकलं तर दिवस चांगला गेला म्हणायचा. नऊ वर्षं हेच चाललंय आणि पायांनी कधी तक्रार केली नव्हती. गेल्या पाच-सहा महिन्यांपासून मात्र डाव्या टाचेनं जीव नकोसा केलाय. झोपून उठल्यावर पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं होतं. दहा-वीस पावलं चालले की जरा सुटतं. मग ड्युटीच्या शेवटच्या तीन-चार तासांत पुन्हा ठणका सुरू.

दीड महिन्यापूर्वी दुकानातले सगळ्यात मऊ बूट बघून घेतले. पाय घातला की गादीवर उभं राहिल्यासारखं वाटायचं. पहिले दोन दिवस फार बरं वाटलं. आता त्याच बुटांत आठव्या तासाला पाय आधीपेक्षा जास्त दुखतात, वर पोटऱ्याही भरून येतात. मऊ बूट घेऊन त्रास वाढतो कसा, हे मला खरंच कळत नाहीये.

तर प्रश्न असा: दिवसभर उभं राहायचं असेल तर मऊ बूट घ्यावेत की कडक? आणि विकत घेताना नक्की काय तपासायचं? आमच्याकडे पुढून बंद, न घसरणारे आणि पुसून स्वच्छ करता येणारेच बूट चालतात, त्यामुळे कृपया सॅन्डल सुचवू नका.

गल्ल्यामागे

मी हाच प्रश्न विचारणार होतो. कपड्यांच्या दुकानात दहा तास उभा असतो. टाच ठीक आहे, पण चवडा जळतो, विशेषतः दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटाच्या खाली. वाचतोय.

खडूफळा

बावीस वर्षं शिकवतेय. एकच सांगते, बूट सकाळी विकत घ्यायचे नाहीत. दिवसभरात पाय सुजतात. सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी चावायला लागतो. काम संपल्यावर, रोजचेच मोजे घालून दुकानात जायचं. आणि दोन्ही पाय घालून बघायचे. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो, मोठ्याच्या मापानं घ्यायचं.

फर्मा

मी बूट बनवण्याच्या धंद्यात आहे, त्यामुळे जरा लांबड लावतो.

रातराणीताई, तुम्हाला झालं ते फार जणांना होतं. बुटाच्या तळात जो फेस असतो तो बहुतेक वेळा ईव्हीए नावाचा. हलका आणि मऊ. त्यात हवेचे बारीक बारीक कप्पे असतात. चालताना पाय उचलला की तो पुन्हा फुगतो, पण एका जागी उभं राहिलं की त्याला फुगायला सवडच मिळत नाही. तासातासाला तो दबत जातो आणि जिथं वजन जास्त तिथं खड्डा पडतो. तुमचा पाय थोडा आत किंवा बाहेर कलत असेल तर फेसही त्याच बाजूला जास्त दबतो आणि कलणं आणखी वाढतं. मग तोल सावरायला पोटऱ्या आणि घोट्याभोवतीचे स्नायू सतत राबतात. वाळूत उभं राहून बघा, कडक जमिनीपेक्षा पाय लवकर थकतात. पोटऱ्या भरून येतात त्या यामुळेच असाव्यात असं मला वाटतं.

म्हणून माझं उत्तर: पायाला लागेल तिथं वरचा पातळ थर मऊ, त्याखालचा तळ भक्कम. दुकानात तीन गोष्टी करा. बुटाचं पुढचं आणि मागचं टोक धरून वाकवा, तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, मधोमध दुमडला तर ठेवून द्या. मग ओला टॉवेल पिळतात तसा पिळून बघा, सहज पिळला जात असेल तर नको. शेवटी टाचेमागचा उभा भाग अंगठ्यानं दाबा, तो लगेच आत बसता कामा नये.

दुकानात पाच मिनिटं जो मऊपणा जाणवतो त्याला भुलू नका. तो पाच मिनिटांसाठीच बनवलेला असतो.

पहाटधाव

फर्मा, शेवटच्या वाक्याशी असहमत. मी गोदामात माल उचलायचं काम करतो, दिवसाला पंधरा-अठरा हजार पावलं होतात. पळण्याचे चांगले जाड तळाचे बूट वापरायला लागल्यापासून माझे गुडघे दुखायचे थांबले. आधी कडक तळाचे वापरून तीन वर्षं काढली होती. पळण्याच्या बुटांत टाच चवड्यापेक्षा साधारण ८ ते १२ मिलिमीटर उंच असते, त्यानं टाचेमागच्या शिरेवरचा ताण कमी होतो. मऊ म्हणजे वाईट असं सरसकट नाही.

फर्मा

पहाटधाव, तुमचं बरोबर आहे आणि माझंही चुकलेलं नाही. तुम्ही चालता. चालणाऱ्याचा फेस प्रत्येक पावलाला मोकळा होतो. मी बोलतोय ते एका जागी खिळून उभं राहणाऱ्यांबद्दल. रातराणीताई, तुमचं काम यातलं कुठलं? वॉर्डात फेऱ्या जास्त की उभं राहणं जास्त?

आणि पळण्याच्या बुटांचं आयुष्य ५०० ते ८०० किलोमीटर धरतात. अठरा हजार पावलं म्हणजे रोजचे बारा-तेरा किलोमीटर. तुमचे बूट दोन महिन्यांत संपतात, वरून कितीही नवे दिसले तरी.

पहाटधाव

हे डोक्यात आलंच नव्हतं. माझे आठ महिने झालेत.

सांधेजोड

फिजिओथेरपिस्ट आहे. न तपासता निदान करणार नाही, पण पहिल्या पावलाला टाचेत खिळा, थोडं चालल्यावर आराम, दिवसाच्या शेवटी पुन्हा दुखणं, ही लक्षणं तळव्याच्या पडद्याला सूज असताना दिसतात. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखालून जाणारा हा जाड पट्टा पायाची कमान धरून ठेवतो. रात्रभर तो आखडतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो.

बूट बदलाच, पण नुसत्या बुटानं हे जाणार नाही. पलंगावरून उतरण्याआधी बसूनच दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, बोटं हातानं नडगीकडे ओढा, तळव्यात ताण जाणवला पाहिजे. दहा आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. त्यातली पहिली खेप पहिल्या पावलाच्या आधीच. शिवाय भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण. पोटरी आखडलेली असली की टाचेवरचा भार वाढतो. काही आठवडे चिकाटीनं करावं लागतं, चार दिवसांत सोडून देऊ नका.

गल्ल्यामागे, चवड्याची जळजळ बऱ्याचदा पुढून अरुंद बुटांमुळे होते. बोटं एकमेकांवर दाबली जातात आणि मधल्या नसेला त्रास होतो. बोटांत मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर दाखवून घ्या.

कात्रीकंगवा

मी केस कापतो. आमचं उभं राहणं सगळ्यात वाईट, कारण आम्ही एका खुर्चीभोवती गोल गोल, इंच इंच सरकतो. ना चालणं ना थांबणं. बुटांवर बराच खर्च करून झाल्यावर खरा फरक पडला तो खुर्चीभोवती जाड रबरी चटई टाकल्यावर. आणि एक वीतभर उंचीचं लाकडी पाट. त्यावर एक पाय ठेवायचा, थोड्या वेळानं दुसरा. कंबर सुटते.

मोठीकढई

स्वयंपाकघरातून रामराम. 🙂 आमच्याकडे पहिला प्रश्न मऊ-कडक नसतो, घसरण्याचा असतो. माझ्या समोर एक सहकारी उकळतं भांडं घेऊन घसरला होता, तेव्हापासून मी तळाशी तडजोड करत नाही. कामाच्या बुटांसाठी आयएसओ २०३४७ नावाचं मानक आहे, बुटाच्या जिभेवर किंवा तळावर छापलेलं असतं. जुन्या बुटांवर एसआरसी अशी खूण दिसते, म्हणजे साबणाच्या पाण्यानं ओली केलेली टाईल आणि ग्लिसरीन लावलेलं पोलाद, दोन्हींवर तपासलेला. २०२२ च्या आवृत्तीत या खुणा बदलून एसआर झाली. रातराणीताई, वॉर्डातली फरशीही पुसून ओलीच असते, तेव्हा हे बघाच.

मी स्वतः मागून उघडे, लाकडासारख्या कडक तळाचे क्लॉग घालतो. तळ पुढून किंचित वर वळलेला असतो, त्यामुळे पाऊल आपोआप पुढे घरंगळतं. पहिला आठवडा वाईट गेला. नंतर दुसरं काही घालवेना.

रातराणी

क्लॉग आमच्याकडे काही जणी घालतात, पण मागून उघडे असल्यामुळे धावपळीत पाय निघतो असं म्हणतात. इमर्जन्सी आली की आम्हाला खरंच पळावं लागतं.

फर्मा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: फेऱ्या खूप, पण औषधं भरताना, नोंदी करताना आणि ड्रेसिंगला सलग उभं राहणं. निम्मं निम्मं म्हणा.

सांधेजोड, मनापासून आभार. आजपासून सुरू करते.

पोलादी_टोपी

कारखान्यात असाल तर २०३४७ चालत नाही, २०३४५ लागतं. त्यात पुढे टोपी असते, २०० ज्यूलचा आघात सोसणारी. टोपी ताणली जात नाही हे लक्षात ठेवा. चामडं सैल होईल, टोपी कधीच नाही. नव्या बुटात करंगळी टोपीला लागत असेल तर ती कायम लागणार. माझ्या करंगळीवर याच चुकीनं कुरूप झालं, दोन वर्षं छळलं त्यानं.

मोजपट्टी

सगळे मऊ-कडक, तळ-टाच बोलताय. मापाबद्दल फक्त खडूफळा ताई बोलल्या. मी पंधरा वर्षं एक नंबर लहान बूट घातले, म्हणून हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा.

तुम्ही शेवटचं माप कधी घेतलं होतं? बहुतेकांनी विशीत घेतलेलं असतं आणि तोच नंबर जन्मभर सांगतात. वयानं, वजनानं, बाळंतपणानं पाय लांबतो आणि पसरतो. पावलात २६ हाडं आहेत, ती बांधून ठेवणारे बंध सैल होत जातात.

दुसरं म्हणजे नंबर हे फक्त लांबीचं माप. ब्रिटिश नंबरात एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपीय नंबरात दोन तृतीयांश सेंटिमीटर. रुंदी यात कुठेच नाही. चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२० च्या दशकात पाय मोजायचं धातूचं यंत्र बनवलं, त्यावर तीन मापं घेतात: टाचेपासून बोटापर्यंत, टाचेपासून अंगठ्याच्या मुळापर्यंत, आणि रुंदी. आज दुकानात आपण एकच आकडा सांगतो आणि बूट चावला की पायाला दोष देतो.

घरी करायची परीक्षा सांगतो. बुटातला सुटा इनसोल, म्हणजे पायाखालचा आतला थर, बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर पूर्ण वजन देऊन उभे राहा. पाय कडेनं बाहेर ओघळतोय का बघा. ओघळत असेल तर तो बूट तुमच्यासाठी अरुंद आहे, नंबर कितीही बरोबर असो. पुढे सर्वात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. सर्वात लांब बोट म्हणजे अंगठाच असं नाही, अनेकांचं दुसरं बोट लांब असतं.

गल्ल्यामागे

आत्ता करून बघितलं. दोन्ही बाजूंनी ओघळतोय. आणि माझं दुसरं बोट लांब आहे, हे आज चौतिसाव्या वर्षी कळलं.

खडूफळा

मीही केलं. एका बाजूनं. मोजपट्टी, तुम्ही घरोघरी इनसोल बाहेर काढायला लावलेत. 😀

फर्मा

मोजपट्टी यांच्याशी शंभर टक्के सहमत. माझ्या पहिल्या प्रतिसादात हे आधी यायला हवं होतं. बूट ज्या फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, ओढला जातो त्याची रुंदी ठरलेली असते, आणि सगळ्या कंपन्या सगळ्या रुंदी काढत नाहीत. रुंदी अक्षरांनी दाखवतात. पुरुषांत डी नेहमीची, २ई रुंद, ४ई त्याहून रुंद. बायकांत बी नेहमीची, डी म्हणजे रुंद. न्यू बॅलन्ससारख्या काही कंपन्या एकच मॉडेल तीन-चार रुंदींत काढतात. अरुंद बूट लांबीला मोठा घेऊन पाय बसवू नका, मग बूट बोटांच्या मुळाशी न वाकता पुढे वाकतो.

अजून एक. आवडले म्हणून दोन-तीन जोड घेऊन कपाटात साठवू नका. पॉलियुरेथेन नावाच्या फेसाचा तळ हवेतल्या दमटपणानं न वापरताही कुजतो आणि काही वर्षांनी पहिल्याच दिवशी भुगा होऊन पडतो. दोन जोड घ्या, पण आलटून पालटून वापरा. एक दिवस विश्रांती मिळाली की घाम वाळतो आणि फेसही बराचसा सावरतो.

तळपाय

एक गंभीर मुद्दा. माझ्या वडिलांना मधुमेह आहे, ते सुरक्षारक्षक होते. बुटात बारीक खडा होता, पूर्ण पाळी ते त्यावर उभे राहिले आणि त्यांना कळलंच नाही. जखम भरायला चार महिने लागले. मधुमेहात पायाची संवेदना हळूहळू जाते, त्यामुळे "मला काही दुखत नाही" याला अर्थ राहत नाही. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी रोज बूट घालण्याआधी आत हात फिरवा, रात्री तळवे आरशात बघा, आणि वर्षातून एकदा तरी पायांची तपासणी करून घ्या. नायलॉनच्या बारीक तारेनं तळव्याला स्पर्श करून बघतात, पाच मिनिटांचं काम असतं. नवे बूट पहिल्या दिवशी पूर्ण पाळी घालू नका.

सांधेजोड

तळपाय, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. त्यात भर: एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, लाल आणि गरम झाली, तर ते उभं राहण्याचं दुखणं समजून घरी बसू नका. शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

अंगणवेल

थोडं अवांतर वाटेल. सगळे बूट शोधताय, पण खुर्ची का मागत नाही? गल्ल्यामागे, दुकानात गिऱ्हाईक नसताना तुम्ही का उभे?

उभं राहण्यानं काय होतं हे कळलं की बुटाची मर्यादा कळते. पायातलं रक्त वर ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते दाबले जातात आणि रक्त वर जातं. नुसतं उभं राहिलं की पंप बंद. रक्त खाली साठतं, घोटे सुजतात, वर्षानुवर्षांनी शिरा फुगतात. जगातला कुठलाही तळ हा पंप चालू करू शकत नाही.

ब्रिटनमध्ये १८९९ मध्येच कायदा झाला होता की दुकानात दर तीन विक्रेत्या स्त्रियांमागे निदान एक बैठक हवी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६४ च्या १२० क्रमांकाच्या करारात कामगारांना पुरेशा बैठका आणि त्या वापरायची संधी देण्याचं कलम आहे. केरळनं २०१८ मध्ये दुकानांच्या कायद्यात बसण्याची सोय घातली, तमिळनाडूनं २०२१ मध्ये. हे सगळं विक्रेत्यांना मागून मिळालेलं आहे.

मोठीकढई

मुद्दा मान्य, पण धागा बुटांचा आहे. ज्याला उद्या सकाळी कामावर जायचंय त्याला आज बूट हवेत.

अंगणवेल

आज बूट आणि उद्या खुर्ची, दोन्ही मागायला हरकत नाही. दहा तास उभं राहणं ही कामाची गरज आहे की नुसती रीत, हे कुणीतरी विचारलंच पाहिजे.

गल्ल्यामागे

आमच्याकडे स्टूल आहे, पण मालकांना बसलेला माणूस आळशी दिसतो. हा धागा त्यांना दाखवावा म्हणतोय.

कात्रीकंगवा

अंगणवेल यांना अनुमोदन. आणि जिथं बसता येत नाही तिथं निदान टाचा उचला-टेकवा करा. मी एका गिऱ्हाइकाचे केस होईपर्यंत वीस-पंचवीस वेळा करतो. पंप चालू राहतो.

दाबमोज्यांबद्दल कुणी बोललं नाही. मी १५ ते २० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाचे गुडघ्यापर्यंतचे वापरतो. सकाळी पाय सुजायच्या आधी चढवायचे. संध्याकाळी पाय जड होणं पुष्कळ कमी झालं.

सांधेजोड

मोजे चांगलेच, फक्त पायाचा रक्तपुरवठा कमी असलेल्यांनी विचारल्याशिवाय घालू नयेत.

रातराणी

सव्वा महिन्यानं धागा वर काढतेय, कारण तुम्हा सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं.

पहिल्यांदा इनसोलवर उभी राहिले. दोन्ही पाय बाहेर ओघळत होते. मग संध्याकाळी भिंतीला टाच लावून कागदावर माप घेतलं. उजवा २३८ मिलिमीटर, डावा २४३. म्हणजे जो दुखतो तोच मोठा, आणि मी आयुष्यभर उजव्याच पायात बूट घालून बघत आले. नऊ वर्षांत एक बाळंतपण झालं, पण नंबर मात्र जुनाच सांगत होते.

आता अर्धा नंबर मोठे आणि रुंद घेतले. पिळून, वाकवून, टाच दाबून बघितले. दुकानदार शेवटी हसायला लागला. मग त्यानंच आतून दुसरा जोड आणून दिला, तोच घेतला. तळ भक्कम आहे. पहिल्या दिवशी मऊ वाटले नाहीत आणि दहाव्या तासालाही तसेच वाटले, हे माझ्यासाठी नवं होतं. पोटऱ्या आता भरून येत नाहीत. ताण देणं रोज तीनदा चालू आहे. टाच अजून पूर्ण बरी नाही, पण ड्युटीच्या शेवटचा ठणका गेला.

एक अडचण राहिलीय. पुढून छान बसतात, पण मागून डावी टाच किंचित वर-खाली होते. काही करता येईल का?

फर्मा

येईल. सगळ्यात वरची जी दोन भोकं असतात आणि लोक सोडून देतात, त्यात लेस त्याच बाजूनं आत घालून लहान फासा ठेवा. दोन्ही बाजूंना. मग डावं टोक उजव्या फाशातून आणि उजवं डाव्यातून ओवून खाली ओढा आणि गाठ मारा. टाच मागे बसते आणि चवड्यावर दाब येत नाही. गाठ मारण्याआधी टाच जमिनीवर आपटून मागे सरकवून घ्या.

गल्ल्यामागे

रुंद घेतल्यावर माझी जळजळ निम्म्यावर आली. आणि जेवणानंतरचा अर्धा तास स्टूल मिळालंय. मालकांनी स्वतः वाचला धागा.

अंगणवेल

फार आनंद झाला. अर्ध्याचा एक तास करा.

रातराणी

फर्मा, तशी लेस बांधून नाईट केली. टाच हलली नाही. झोपून आत्ता संध्याकाळी उठले आणि पहिलं पाऊल टाकलं. खिळा नव्हता, टाचणी होती. वॉर्डातल्या आणखी चौघींनी इनसोल काढून बघितले, तिघींचे पाय बाहेर. त्यांच्यातल्या एकीची कमान पूर्ण सपाट आहे, तिच्यासाठी काय बघायचं ते सांगाल का?